धडधड थांबल्यावर

सेक्टर ६, भिलाई
२१ नोव्हेंबर १९८३

चि. साधनाले मामाचे अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीचे चार दिवस राहून गेली, तवापासून क्वार्टर सुनं वाटून राहिलं. तुयी मामी अजून तीन माणसांचा भात टाकते. तू शाळेसाठी दोन वर्षं आमच्याकडं होती, तवाची तिची सवय मोडली नाही.

तू सांगतलं होतं का तू उंदराचं हृदय काढून काचेच्या नळीले बांधते अन् ते तासभर चालत राहते. मी ते रेल मिलमधी सांगतलं. कोणाले पटलं नाही. फकिरा म्हणाला, पोरगी मामाची मजाक करून राहिली.

फकिरा तुले आठवत असन. माया क्रेनखाली उभा राहून इशारे देते तो खलासी. त्यानं हात वर केला का मी रुळाची रेल उचलतो, तळहात खाली केला का ठेवतो. चौदा वर्षं झाली आमच्या जोडीले. वरच्या केबिनमधून मले त्याची टोपी अन् हात एवढंच दिसते.

त्याच्याबद्दलच विचारायचं होतं. त्याले साखरेची बिमारी निघाली आहे. गोळ्यांनी भागलं नाही म्हणून दुर्गचा एक डॉक्टर त्याले रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यायले लावते. प्लांटच्या दवाखान्यात त्यानं हे सांगतलं नाही. सांगतलं तर कामावरून काढून कुठंतरी कोपऱ्यात बसवतीन. आता त्याचं असं होते का जेवणाले उशीर झाला का छाती धडधडते, हात कापतेत, भ्याव वाटते. गूळ खाल्ला का पंधरा मिनिटांत सारं ठीक. हे कायचं लक्षण आहे? सुई बंद करावी का? तू ज्या औषधावर काम करते ते हेच इन्सुलिन का?

फुरसतीनं लिही. मामीचा आशीर्वाद.

तुया मामा
सुखराम कापगते

*

लेडीज होस्टेल, नागपूर
२ डिसेंबर १९८३

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

फकिराकाकांना सांगा, उंदराचं हृदय खरंच चालतं. उंदराला भूल देऊन ते काढायचं, त्याची मुख्य रक्तवाहिनी काचेच्या नळीच्या टोकाला दोऱ्यानं बांधायची आणि वरून कोमट खारं पाणी सोडायचं. पाण्यात थोडी साखर आणि प्राणवायू. हृदयाच्या टोकाला बारीक आकडा, आकड्याला दोरा, दोऱ्याला काडी. ती काडी धुरानं काळ्या केलेल्या कागदावर ठोक्यांची रेघ ओढते. लाइट गेली की पाणी गार होतं आणि दिवस वाया जातो. या आठवड्यात दोन दिवस गेले.

माझं काम असं आहे. हृदयाच्या पेशीच्या अंगावर ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अॅड्रिनॅलिन आपल्या जागेवर बसलं की हृदय जोरानं आणि भराभर चालतं. इन्सुलिनची जागा वेगळी. पण दोघांचे निरोप शेवटी आत त्याच एका पेशीत जातात. तिथे एक निरोप दुसऱ्याला बळ देतो की दाबतो, एवढंच मला पाहायचं आहे. आतापर्यंत पाच हृदयं झाली. आधी इन्सुलिन दिलं तर नंतरच्या अॅड्रिनॅलिननं रेघ तेवढी उंच उडत नाही, असं तीनदा दिसलं. दोनदा दिसलं नाही. म्हणजे अजून काहीच म्हणता येत नाही.

फकिराकाकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यापेक्षा सोपं आहे. सुई घेऊन जेवण लांबलं की रक्तातली साखर फार खाली जाते. तेव्हा शरीर अॅड्रिनॅलिन सोडतं. त्यानं छाती धडधडते, हात कापतात. ही बिमारी नव्हे, सूचना आहे. ती मिळते आहे तोवर माणूस सावध होऊ शकतो. तिच्याकडे लक्ष दिलं नाही तर पुढे मेंदूला साखर कमी पडते. माणूस गोंधळतो, भलतंच बोलतो, बेशुद्धही होतो. सुई बंद करू नये. जेवणाची वेळ पाळावी आणि गुळाचा खडा कायम खिशात असावा.

आणि त्यांनी प्लांटच्या डॉक्टरांना सांगायला हवं. ते जिथे उभे असतात तिथे क्षणभराचा गोंधळही चालणार नाही.

मामींना नमस्कार.

आपली
साधना

*

भिलाई
२९ जानेवारी १९८४

चि. साधनाले अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र चारदा वाचलं. दोन निरोप एकाच जागी जातेत हे मले लवकर समजलं. आमच्यात कायदा आहे. क्रेनवाल्यानं एकाच खलाशाचा इशारा पाहायचा. दोघं हात हालवून राहिले तर क्रेन उभी करायची. फक्त ‘थांब’चा इशारा कोणाचाबी मानायचा, मंग तो झाडूवाल्यानं का देला असंना. तुया उंदराच्या हृदयात असा कायदा आहे का ते पाह्य.

सालाना तपासणी डिसेंबरच्या शेवटी झाली. मले बी.पी. निघालं. डॉक्टरनं विचारलं, दुसरी काही बिमारी, दुसरं काही औषध? मी नाही म्हटलं. त्यानं प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देली, दिवसातून दोन वेळा. एक तारखेपासून घेऊन राहिलो. डोक्शाचा ठणका कमी झाला.

फकिराची तब्येत आता एकदम ठीक आहे. महिना होत आला, धडधड नाही, थरथर नाही. सुई अंगाले मानवली म्हणते. गूळ ठेवणं बी सोडलं त्यानं. पँटच्या खिशाले मुंग्या लागत होत्या.

थंडी अवंदा बरीच पडली. तू स्वेटर घालत जा.

तुया मामा
सुखराम

*

नागपूर
१४ फेब्रुवारी १९८४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

बी.पी. वेळेवर सापडलं हे चांगलं झालं. तुमची गोळी आमच्या प्रयोगशाळेतही आहे. ती हृदयावरच्या अॅड्रिनॅलिनच्या जागा अडवून बसते. मग अॅड्रिनॅलिन येतं, पण त्याला बसायला जागा राहत नाही. कालच मी ते करून पाहिलं. आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं, नंतर रोजच्या दुप्पट अॅड्रिनॅलिन. काळ्या कागदावरची रेघ होती तशीच चालत राहिली. हृदयापर्यंत निरोप पोचलाच नाही. गोळी वेळेवर घेत जा आणि आपल्या मनानं कधी बंद करू नका.

फकिराकाकांना बरं वाटतं आहे हे वाचून आनंद झाला. तुमचा ‘थांब’चा कायदा मी सरांना सांगितला. ते म्हणाले, हृदयात असा कायदा असेलही, पण प्रबंधात क्रेन आणू नका.

घाईत आहे. अकरावं हृदय लावून ठेवलं आहे.

आपली
साधना

*

भिलाई
२० मार्च १९८४

चि. साधना हिस मामी शकुबाई हिचे आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या कलावतीबाई लिहीत आहेत. मी सांगते तसं लिहा असं त्यांना म्हटलं आहे. तुझ्या मामाला हे पत्र माहीत नाही.

परवा रंगाच्या दिवशी यांना सुट्टी होती. सकाळपासून लोक रंग लावायला येत होते, त्यात जेवण राहिलं. अकरा-साडेअकराच्या सुमारास मी अंगणात पाहिलं तर हे भिंतीला टेकून उभे. अंगावरचा सदरा ओलाचिंब. मला वाटलं पोरांनी पाणी टाकलं. जवळ गेले तर तो घाम होता. मी विचारलं काय होते, तर माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाई, गाडी किती वाजता आहे?” त्यांच्या आईला ते बाई म्हणत. तिला जाऊन बारा वर्षं झाली. मी हाताला धरून आत आणलं, रंगवाल्यांसाठी केलेलं सरबत पाजलं. थोड्या वेळानं शुद्धीवर आल्यासारखे झाले आणि मलाच विचारलं, तू रडतेस कावून.

याच्या आधीही दोनदा असाच घाम आला होता. तेव्हा बोलणं बरोबर होतं, म्हणून मी सोडून दिलं.

दुसरी गोष्ट. पाण्याच्या माठाच्या तळाशी दोऱ्याला बांधलेली एक लहान बाटली मला दिसली. रबराचं बूच आहे. सकाळी मी दूध आणायला गेले की हे पातेल्यात काचेची पिचकारी उकळतात. मी विचारलं तर म्हणाले, फकिराचं औषध आहे, त्याच्या घरी ठेवायला थंड जागा नाही. मी बेबीताईला, म्हणजे फकिराभाऊच्या घरवालीला, विचारलं नाही. पण त्यांच्या घरी आमच्यापेक्षा मोठा माठ आहे.

तू शिकलेली आहेस. काय समजायचं ते समज आणि कळव. पत्र कलावतीबाईंच्या पत्त्यावर टाक.

शकुबाई

*

नागपूर
२५ मार्च १९८४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

माझी तार मिळाली असेल: क्रेनवर चढू नका, पत्र येत आहे. हे ते पत्र.

मी स्वतः आले असते. दहा दिवसांपासून मला कावीळ आहे, वॉर्डात ठेवलं आहे आणि उठू देत नाहीत. आईला कळवलेलं नाही. मामींचं पत्र काल इथे मिळालं. त्यांच्यावर रागावू नका. ते वाचल्यावर मी माझ्या मैत्रिणीला, ललिताला, पेटीतून तुमची पत्रं आणायला लावली आणि पुन्हा वाचली.

फकिराकाका सुई घेत नाहीत. तुम्ही घेता.

तुमच्या जानेवारीच्या पत्रात दोन गोष्टी एका पानावर होत्या. वर लिहिलं होतं की एक तारखेपासून प्रोप्रॅनोलॉल घेतो आहे. खाली लिहिलं होतं की महिन्यापासून धडधड नाही, थरथर नाही. मी ते पान वाचलं, त्याला उत्तर दिलं, आणि ही गोळी अॅड्रिनॅलिनच्या जागा अडवते हेही मीच तुम्हाला लिहिलं. आदल्या दिवशी माझ्या टेबलावर तेच घडलं होतं. तरी मला दिसलं नाही. दोन वेगळी माणसं आहेत असं मी धरून चालले होते. चूक माझीही आहे.

आता नीट वाचा. सुई मानवलेली नाही. साखर पूर्वीसारखीच खाली जाते आहे. अॅड्रिनॅलिनही सुटतं आहे. पण हृदयावरच्या त्याच्या जागांवर गोळी बसली आहे, म्हणून छाती धडधडत नाही. हात कापायचे तेही याच गोळीनं थांबवलं आहे. शिवाय उतरलेली साखर पुन्हा वर यायलाही या गोळीनं उशीर लागू शकतो. सूचना बंद झाली, धोका तसाच आहे.

एक खूण मात्र राहते. घाम. घामाचा निरोप वेगळ्या वाटेनं जातो, ती वाट ही गोळी अडवत नाही. कारण नसताना अंग ओलं झालं तर विचार करत बसू नका. हातातलं काम थांबवा आणि गूळ खा. तेव्हा विचार करणारं डोकंच जागेवर नसतं.

गोळी एकदम बंद करू नका, त्यानं हृदयाला दुसरा धोका होतो. ती बदलून घ्यावी लागेल, आणि ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना सुईची गोष्ट माहीत नाही. त्यांना सांगा. सांगेपर्यंत वर जाऊ नका. तुम्ही रेल उचलता तेव्हा खाली कोण उभं असतं हे मला माहीत आहे.

एक आठवडा वाट पाहीन. त्यानंतर मी स्वतः डॉक्टरांना लिहीन.

आपली
साधना

*

भिलाई
२९ मार्च १९८४
(पोस्टकार्ड)

चि. साधनाले आशीर्वाद.

तार मिळाली, पत्र बी मिळालं. तारवाल्यानं सेक्टरभर पुकारा केला का कापगतेच्या घरी कोणी गेलं. तुयी मामी घाबरट आहे. रंगाच्या दिवशी ऊन लागलं होतं. एकोणीस वर्षांत माया हातून एक रेल वाकडी पडली नाही. क्रेनवरून उतरवलेले माणसं मी पाहिले आहेत. ते गेटपाशी बसून दुसऱ्याच्या शिफ्टचा टाइम सांगतेत. तू कोणाले काही लिहू नको. कावीळ आहे तर तेल-तूप खाऊ नको, उसाचा रस पी.

सुखराम

*

नागपूर
४ एप्रिल १९८४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

आज मी तुमच्या डॉक्टरांना पत्र टाकलं. नक्कल सोबत जोडते, म्हणजे मी काय लिहिलं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको. ललिताच्या भावानं ते टाइप करून दिलं.

‘थांब’चा इशारा कोणाचाही मानायचा, हा कायदा तुम्हीच मला लिहिला होता.

तुम्ही रागवाल हे धरून चालले आहे. कावीळ उतरते आहे.

आपली
साधना

*

भिलाई
१२ एप्रिल १९८४

चि. साधनाले आशीर्वाद.

तुयं पत्र डॉक्टरले शनिवारी, सात तारखेले पोचलं. मी पाच तारखेले, गुरुवारी उतरलो होतो. कसं झालं ते सांगतो. एकदाच सांगन.

पहिली शिफ्ट होती. पाच वाजता सुई घेतली, दोन पोळ्या खाल्ल्या. त्या दिवशी वॅगन भरायची घाई होती, नाश्त्याले कोणी उतरलं नाही. अकराच्या आसपास हुकावर आठ रेल होत्या, तेरा-तेरा मीटरच्या. वॅगनच्या वर आणल्या. खाली एक माणूस तळहात हालवून राहिला होता. माणूस ओळखीचा वाटला. पण त्याचं म्हणणं काय आहे ते मले समजून नाही राहिलं. धडधड नव्हती. भ्याव नव्हतं. उलट मले लय शांत वाटून राहिलं होतं. मिलचा आवाज दूर गेल्यावानी. एकोणीस वर्षांत त्या केबिनमधी मले एवढं शांत कधी वाटलं नाही. तो माणूस हात हालवतच होता, अन् मी त्याच्याकडं पाहून हासलो, असं फकिरा नंतर सायबाले सांगत होता.

मंग कंट्रोलरच्या दांड्यावरून माया हात घसरला. पाहिलं तर दांडा ओला. बाही ओली, छाती ओली. तुया पत्रातलं बाकी काहीच आठवलं नाही. कोणतं औषध कुठं बसते, काही नाही. ओलं म्हणजे गूळ, एवढंच आठवलं. मी दांडा झिरोवर आणला. डब्याच्या फडक्यात तुया मामीनं गूळ बांधून देला होता. मी तिले नको म्हटलं होतं तरी ती रोज बांधत होती. तो सारा खाल्ला. आठ रेल वर लटकून होत्या. खाली लोक जमा झाले, आवाज देऊन राहिले होते. मी कोणाकडं पाहिलं नाही. घड्याळाकडं पाहिलं, कारण तू पंधरा मिनिटं लिहिली होती. नाही, ते मीच लिहिलं होतं, फकिराच्या नावानं.

वीस मिनिटं लागली. मंग टोपी दिसली, हात दिसला, अन् हात काय म्हणते ते समजलं. रेल खाली ठेवल्या. सरळ ठेवल्या. शिडी उतरलो अन् सायबासमोर जाऊन सांगतलं का मी दीड वर्षापासून इन्सुलिन घेतो, क्रेनवर दुसरा माणूस द्या. फकिरा तिथंच उभा होता. त्यानं सारं ऐकलं.

दवाखान्यात जबाब लिहून घेतला. सोमवारी डॉक्टरनं तुयं पत्र दाखवलं. ही कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माया बहिणीची पोरगी. त्यानं फाइलमधी माया जबाब वर लावला अन् तुयं पत्र खाली. म्हणाला, तारीख तुमची आधीची आहे. डॉक्टर माणूस चांगला आहे. गोळी बदलून देली, सुईचं माप कमी केलं, अन् मले औजारखोलीत बसवलं. हाताचे दस्ताने, हेल्मेट, साखळ्या देणं, सही घेणं.

दोन दिवस तुया राग आला. तू लिहिलं, “माझे मामा ही माहिती लपवत आहेत.” खरंच आहे ते. पण टाइप केलेलं वाचलं का वेगळं लागते.

अन् एक गोष्ट. तू त्यात हे बी लिहिलं का हा आजार मामा त्यांचे सहकारी फकिरा यांच्या नावावर सांगत होते. म्हणून दवाखान्यानं फकिराले बी बोलावून रक्त तपासलं. त्याच्यात काही निघालं नाही. पण आपल्याले कावून बोलावलं ते त्यानं विचारलं अन् त्याले सांगण्यात आलं. तवापासून तो माया खिडकीवर येत नाही. दस्ताने दुसऱ्याच्या हातून मागवते.

मामीचा आशीर्वाद.

सुखराम

*

नागपूर
२ जुलै १९८४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तीन महिने होत आले, तुमचं पत्र नाही. मामींनी कलावतीबाईंकडून लिहवून घेतलं, त्यावरून तब्येत ठीक आहे असं कळलं. घाम पुन्हा आला नाही, जेवण वेळेवर होतं आणि तुम्ही घरात बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं.

फकिराकाकांचं नाव त्या पत्रात लिहायची गरज नव्हती. डॉक्टरांना सगळी हकिगत क्रमानं समजावी म्हणून लिहिलं. प्रयोगाच्या वहीत जसं काहीच गाळायचं नसतं, तसं. तिथे ते बरोबर असतं. मी त्यांना वेगळं पत्र लिहून माफी मागायचं म्हणते. लिहू का? तुम्ही नको म्हटलं तर लिहिणार नाही.

चोवीस हृदयं पूर्ण झाली. सोळांत इन्सुलिननंतर अॅड्रिनॅलिनचा जोर कमी दिसला, आठांत फरक नाही. पेशीच्या आत नेमकं काय होतं ते आमच्या काडीला आणि काळ्या कागदाला सांगता येत नाही. सर म्हणतात, दिसलं तेवढं लिहा, कारण लिहू नका. मी तसंच लिहिते आहे.

आणखी एक. काचेच्या नळीवरच्या हृदयाला घाम येत नाही, ते आईला बाई म्हणून हाक मारत नाही. ते मला मामींच्या पत्रातून कळलं. हे प्रबंधात येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आपली
साधना

*

भिलाई
१९ सप्टेंबर १९८४

चि. साधनाले मामाचे अनेक आशीर्वाद.

तुया पत्राले उत्तर द्यायले उशीर झाला. तू फकिराले लिहू का म्हणून विचारलं होतं. नको लिहू, असं मी तवाच ठरवलं होतं, पण तेबी तुले कळवलं नाही. चूक मायी होती अन् माफी तू मागायची, हे मले पटून नव्हतं राहिलं. मी मागावी तर त्याच्यासमोर कसं जावं ते समजत नव्हतं. औजारखोली ते क्रेनखालची त्याची जागा, शंभर पावलं बी नाहीत.

परवा सोमवारी विश्वकर्मा पूजा झाली. त्या दिवशी घरच्यांले आत येऊ देतेत. एवढ्या वर्षांत तुयी मामी कधी आली नव्हती, अवंदा आली. क्रेनले हार घातले होते. तिनं विचारलं, तुमी कुठं बसत होते? मी वर बोट दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मंग म्हणाली, “एवढ्या उंच?” माया जागेवर आता अरुणकुमार नावाचा ऑपरेटर आहे, दुर्गहून येते. त्याचा हात चांगला आहे. थोडा घाई करते.

मामी बाकीच्या बायांसोबत प्रसादाले गेली, मी औजारखोलीत येऊन बसलो. थोड्या वेळानं खिडकीशी फकिरा आला. हातात दोण्यात प्रसाद होता. तो त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवला. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, “किती दिवस?”

मी सांगतलं, सुई दीड वर्ष होती. पण धडधड बंद झाल्यापासून धरलं तर तीन महिने अन् पाच दिवस. तेवढे दिवस तू बिनभरोशाच्या माणसाखाली उभा होता.

तो आकडा मोजून राहिला असावा. मी म्हटलं, तुयं नाव सांगतलं तेबी वाईट केलं. दुसरं नाव तोंडात आलंच नाही. दिवसभर तुयाच हाताकडं पाहत होतो ना. मले उतरायचं भ्याव होतं.

“ते मले समजते,” तो म्हणाला. “मले बी उतरवलं असतं तर मी बी लपवलं असतं.”

मले वाटलं आता हा जाईन. तो गेला नाही. दोण्यातली एक मुंगी त्यानं बोटानं काढली अन् म्हणाला, “चौदा वर्षं मी हुकाकडं पाहून राहिलो. मायं कामच ते. तुमी एक शब्द सांगतला असता, तर मी हुकाकडं नसतं पाहिलं. तुमच्याकडं पाहिलं असतं.”

साधना, दवाखान्यात जबाब देला, सायबासमोर उभा राहिलो, तुयं पत्र टाइप केलेलं वाचलं. कुठंच माया डोळ्याले पाणी नव्हतं आलं.

मी म्हटलं, “आता पाह्य.”

त्यानं पाहिलं. मंग दस्ताने घेतले, रजिस्टरवर सही केली अन् गेला.

तुया मामा
सुखराम